चारदाती हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर उडवायच्या आधी ताकसांडे डॉक्टर त्याच्याजवळ उकिडवे बसत, पाठीपासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवत आणि हलक्या आवाजात म्हणत, "हो... हो... उभा राय राजा." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. रिमोटवर उडणाऱ्या बॅटरीच्या यंत्राला कोणी राजा म्हणतं का? पण डॉक्टर गुरांचे होते. सेलू तालुक्यातल्या बिथरलेल्या बैलांना सुया टोचण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. सुई टोचायच्या आधी जनावराच्या पाठीवर हात ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. आता बैलाच्या जागी हेलिकॉप्टर होतं, एवढंच.

मी तेव्हा वर्ध्याला एका विमा कार्यालयात नोकरीला होते. मला लहान वस्तू मुळातच आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. घरात आम्ही दोघंच, पण कुकर पंगतीचा. फ्रिज आत घ्यायला दाराची चौकट काढावी लागली होती. नवऱ्याने या बाबतीत बोलणं केव्हाच सोडून दिलं आहे. तर चाळिशी गाठल्यावर मी ठरवलं की आपण रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकायचं. शाळेत असताना कोणा मंत्र्याचं हेलिकॉप्टर आमच्या मैदानावर उतरलं होतं. मास्तरांसकट सगळे धुळीत डोळे चोळत होते आणि मी मात्र तोंड उघडं टाकून बघत राहिले होते. ती हौस मनात तशीच पडून होती. मी मोबाइलवर शोधून सगळ्यात मोठं हेलिकॉप्टर पसंत केलं. ते मागवणार तेवढ्यात कार्यालयातली एक सेलूची मैत्रीण म्हणाली, "आमच्या गावचे ढोराचे डॉक्टर उडवतात. एकदा त्यांना विचार तरी."

रविवारी सकाळी स्कूटरने गेले. गावाबाहेर कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यामागे एक पडीत जागा होती, तिथे डॉक्टर भेटले. उंच, किडकिडीत, पांढरी पँट आणि पायात रबरी गमबूट. येणारे-जाणारे कोणी त्यांना जय भीम घालत होते, कोणी रामराम, आणि डॉक्टर प्रत्येकाला त्याच्या गाईचं नाव घेऊन उत्तर देत होते. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला.

"हे तर जुळलेलं हाय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बैलाचं वय कसं पाह्यतात? दातावरून. दुधाचे दात असले त अदात. मंग दोनदाती, चारदाती, सहादाती, अन सारे दात आले की जुळलेला. हेलिकॉप्टरचंही तसंच हाय. तळहाताएवढं थे अदात. घरात पंखा बंद करून उडवाचं, बाहेर नेलं की वाऱ्यानं गेलं. कोपरापासून बोटापर्यंत थे दोनदाती. खांद्यापासून बोटापर्यंत, थे चारदाती. अन हे तुह्यावालं जुळलेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अन तू किती दाताची?"

"मी?"

"किती वर्सं झाले उडवून राह्यली?"

"अजून एकदाही नाही."

"म्हंजे अदात. अदात माणसाच्या हाती जुळलेला बैल देऊ मी? सरकारनं माही डिग्री नसती काढून नेली?"

मी काही ऐकून घेणारी नव्हते. मीही वाचून आले होते. मोठं हेलिकॉप्टर हवेत स्थिर राहतं, लांबून नीट दिसतं, लहान जरा बोट हललं की उसळतं, हे सगळं मी त्यांना ऐकवलं. डॉक्टरांनी मान डोलावली. "बराबर हाय. मोठा बैलही शांत असते. पण पाय पडला त बोट जाते." मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे पुढे मी त्यांच्या तोंडून प्रत्येक नव्या माणसासाठी ऐकलं. "उडन कसं, हे नको विचारू. पडन कुठं अन कोणावर पडन, हे विचार. थ्या हिशोबानं साइज घे."

मी चारदाती घेतलं. लहान वस्तू विकत घेतल्याचं दुःख मला चांगलं आठवडाभर पुरलं.

शिकवणं त्यांचं अजब होतं. त्यांनी बांबूच्या दोन कामट्या हेलिकॉप्टरच्या पायांखाली फुलीसारख्या बांधल्या आणि चारही टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू खोचले. यामुळे ते कलंडत नसे. मारकुट्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात ना, त्यावरून डॉक्टर त्याला लोढणं म्हणत. लोढण्यासकट हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभर वर उचलायचं आणि पुन्हा ठेवायचं. शेपूट कायम आपल्याकडे. बस. सगळा हिवाळा मी वीतभर उंचीवर काढला. मी चिडायचे, डॉक्टर शांतपणे शेंगा सोलत बसायचे. "घाई हाय काय? कुठी जाचं हाय तुले त्याच्यात बसून?"

खरी गंमत तोंड फिरल्यावर सुरू होते. शेपूट आपल्याकडे असेपर्यंत उजवं ते उजवं. एकदा हेलिकॉप्टरने तोंड आपल्याकडे केलं की उजव्याचं डावं होतं आणि पुढे ढकललं की ते थेट आपल्याच अंगावर येतं. म्हणून डॉक्टर सारखे विचारत, "तोंड कुठं?" मी सांगायचं, "पलीकडे." "आता?" "जिनिंगकडे." "आता?" "आपल्याकडे." चुकले की ते नुसते 'च्' करत. तो आवाज ऐकला की मला शाळेतल्यासारखं वाटायचं.

एकदा मी त्यांना न विचारता लोढणं सोडलं आणि हेलिकॉप्टर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात घातलं. पाती तुटली, शेपटीचा दांडा वाकला. मी रडवेली होऊन ते ताटात वाढल्यासारखं दोन्ही हातांवर घेऊन त्यांच्या घरी गेले. डॉक्टरांनी दांडा बोटांनी चाचपला. "हाडच मोडलं हाय. जीव हाय अजून." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून चहा घेऊन आल्या. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. "पडलं नं एकदाचं? बरं झालं. बस, पोहे खाय. यायचं सोताचं पहिलं पडलं तवा दोन दिवस जेवले नाई हे, अन आता दुसऱ्याले शिकवून राह्यले." डॉक्टर खाली मान घालून हसत होते. संध्याकाळपर्यंत आम्ही नवा दांडा बसवला. चारदाती घेतलं म्हणून नुकसान एवढ्यावर भागलं, हे मला त्या दिवशी पटलं.

दुसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात गावच्या पोळ्याच्या समितीचे अध्यक्ष डॉक्टरांकडे आले. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. बैलांचा पोळा मोठ्यांचा, तान्हा पोळा लेकरांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून पोरं-पोरी मैदानावर ओळीने उभ्या राहतात आणि मग बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर सुटे पैसे, मागत फिरतात. अध्यक्षांच्या डोक्यात आलं की यंदा डॉक्टरांनी हेलिकॉप्टरमधून लेकरांवर फुलं उधळावीत. डॉक्टर ताबडतोब हो म्हणाले. फुलांचा डबा उचलायला चारदाती पुरणार नाही, असं सांगून त्यांनी जुळलेलं मागवलं.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. शेवटी एक मोठी वस्तू! खोकं उघडायला मी सुटी टाकून गेले. दोन्ही पाती पसरली की जवळजवळ माझ्या उंचीएवढी भरत. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाला पोळ्याच्या बेगडाचा चमकता कागद चिकटवला आणि शिंगांना लावतात तो नारिंगी रंग फासला. काकू आणि मी हसलो. डॉक्टर नाही हसले. त्या दिवसांत ते मोटारसायकल सोडून सगळीकडे पायी जायला लागले होते. विचारलं तर म्हणायचे, तब्येतीसाठी. मीही 'छान' म्हणून मोकळी झाले.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी सराव होता. मोठं हेलिकॉप्टर घरघरत वर गेलं. डॉक्टर नेहमीप्रमाणे विचारत होते, "तोंड कुठं?" मी नेहमीप्रमाणे सांगत होते, "पलीकडे." मी उडवत नव्हते तरी ते माझी परीक्षा का घेतात, हा प्रश्न मला पडला नाही. हुशार विद्यार्थ्यासारखी मी उत्तरं देत गेले. इतक्यात एक कुत्रं बॅटऱ्यांच्या पिशवीत तोंड घालू लागलं. त्याला हाकलायला मी वळले.

"तोंड कुठं?" मागून डॉक्टरांनी विचारलं. मी कुत्र्यामागे होते.

"अर्चना, तोंड कुठं हाय? सांग नं!"

तो आवाज परीक्षा घेणाऱ्याचा नव्हता. मी गर्रकन वळले. हेलिकॉप्टरने वाऱ्यात तोंड फिरवलं होतं आणि ते सरळ आमच्याकडे येत होतं. डॉक्टर त्याला लांब ढकलतोय असं समजून रिमोटची काडी पुढे दाबत होते.

"आपल्याकडं! बंद करा, बंद करा!"

त्यांनी खटका पाडला. मोटर थांबली, पण पाती फिरतच राहिली. आमच्यापासून चार पावलांवर ते शेजारच्या सोयाबीनमध्ये पडलं. पाल्याचे तुकडे आणि चिखल माझ्या तोंडावर उडाला. मग सगळं शांत झालं.

"लागलं काय तुले?" डॉक्टर धडपडत जवळ आले.

"नाही."

"खरं सांग."

"नाही लागलं." मी बांधावरच बसले. मग म्हटलं, "डॉक्टर, तुमाले ते दिसत नाई नं?"

डॉक्टरांनी रिमोट बांधावर ठेवला. "दिसते. ठिपका दिसते. ठिपक्याले तोंड कुठी अन शेपूट कुठी?"

"म्हणून मोठं मागवलं?"

"ठिपका मोठा दिसन म्हणून."

मला एकदम सगळं उमगलं, बेगड, नारिंगी रंग, पायी चालणं आणि ते दर रविवारचं विचारणं. महिनोन्महिने हा माणूस माझ्या डोळ्यांनी उडवत होता आणि मला वाटत होतं मी शिकते आहे. माझा राग अनावर झाला. दोन दिवसांनी त्या मैदानावर लेकरं उभी राहणार होती, त्यांच्या डोक्यांवर हे फिरणार होतं. डॉक्टर मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू बाजूले उभी राय, सांगत राय. जमते. शब्द देला हाय मी गावाले."

"मी नाही उभी राहणार."

"मंग दुसरं कोणी राहीन."

माणूस चांगला असला म्हणून हट्टी नसतो असं थोडंच आहे. मी त्यांना तशीच घरी घेऊन गेले आणि चिखलाच्या तोंडानेच काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. डॉक्टर खुर्चीत बसून गुडघे चोळत होते. मोतीबिंदू आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्यांच्या आईचा डोळा फार वर्षांपूर्वी एका शिबिरात ऑपरेशननंतर गेला होता. "अन मी सोता जनावराच्या डोळ्यावर सुरी चालवली हाय. काय-काय चुकते, थे मले मालूम हाय," ते म्हणाले. त्यांना भीती वाटत होती. इतक्या बैलांना धीर देणारा माणूस स्वतः भ्यालेला मी प्रथमच पाहिला, आणि माझा राग निम्मा तिथेच विरला.

काकूंचा नव्हता विरला. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "मले एक सांगा. नवा माणूस आला की तुमी त्याले काय विचारता?"

डॉक्टर गुडघे चोळत राहिले.

"मी विचारून राह्यली. पडन त कोणावर पडन?"

डॉक्टरांचे हात गुडघ्यांवर थांबले. शेवटी म्हणाले, "लेकराइवर." मग उठले, मोबाइल माझ्या हातात दिला आणि अध्यक्षांचा नंबर लावायला सांगितला, कारण तोही त्यांना दिसत नव्हता. "अध्यक्षसाहेब, हेलिकॉप्टर नाई येत. नाई, बिघडलं नाई. माह्या डोळ्याले दिसत नाई. ... हो. लाजाचं काय त्याच्यात." फोन ठेवल्यावर काकू पदराने तोंड पुसत आत गेल्या आणि मी तोंडावरचा चिखल धुवायला उठले.

तान्ह्या पोळ्याला डॉक्टर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले आणि टोपलीतला झेंडू त्यांनी दोन्ही हातांनी उधळला. निम्मी फुलं अध्यक्षांच्या डोक्यात पडली. एका मुलीने आपला बैल ओढत ट्रॉलीपाशी येऊन विचारलं, "आजोबा, हेलिकॉप्टर काऊन नाई आणलं?" डॉक्टर वाकून म्हणाले, "त्याच्या मालकाले दवाखान्यात न्याचं हाय, बेटा." आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर काकू माझा हात धरून बसल्या होत्या. "हे पोळ्यासाठी हट्ट करत होते तवा मी चिडली," त्या म्हणाल्या, "अन आता मलेच वाटून राह्यलं की ऑपरेशन नसतं केलं त बरं होतं." मी त्यांना धीर देत होते, पण माझंही लक्ष दारावरच होतं. मग दार उघडलं. डॉक्टर स्वतः चालत बाहेर आले, एका डोळ्यावर पट्टी, आणि म्हणाले, "बस? एवढंच? मी बैलाले याच्याहून जास्त तरास देत होतो." काकू रडता रडता हसायला लागल्या. पुढे दुसरा डोळाही झाला. तोही उत्तम.

थंडी पडल्यावर त्यांना उडवायची परवानगी मिळाली. मी माझं चारदाती घेऊन पडीत जागेवर गेले. जुळलेलं हेलिकॉप्टर दुरुस्त करून शेजारच्या गोठ्यात झाकून ठेवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तेही काढ. पाहू त दे एकदा." मी ते आणून त्यांच्या पायाशी ठेवलं आणि वरचं पोतं ओढलं.

डॉक्टर एक पाऊल मागे सरले.

"हे थेच हाय?"

"तेच."

"बाप्पा! एवढं मोठं होतं काय व हे?"

ते त्याच्याभोवती सावकाश फिरले. त्यांनी ते महिनाभर उडवलं होतं आणि आज पहिल्यांदा पाहत होते. पात्याच्या कडेवर त्यांनी अंगठा ठेवला, चटकन उचलला, आणि एकदम खाली मातीतच बसले. "हे लेकराइवर नेणार होतो मी," ते म्हणाले. "अर्चना, हे मी लेकराइवर नेणार होतो."

"नाही नेलं, डॉक्टर."

"नाई नेलं," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "नाई नेलं." डोळ्यांना हात लावायची मनाई होती, तरी त्यांनी ते बाहीने पुसले. मग खिशातून पेचकस काढून त्यांनी दोन्ही पाती सोडवली, पोत्यात गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "घेऊन जाय. मी मागतले तरी देऊ नको." नंतर उठून त्यांनी माझं चारदाती वर नेलं, लांब, पार जिनिंगच्या छपरापर्यंत, आणि त्याचं तोंड कुठे आहे हे मला एकदाही विचारलं नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. वर्धा सुटलं, रविवार सुटले. सामान बांधताना नवऱ्याने पोत्यातली ती पाती बघून विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, असू दे. डॉक्टर अजून उडवतात. दर तान्ह्या पोळ्याला संध्याकाळी त्यांचा फोन येतो. मागे लेकरांचा गलका ऐकू येत असतो.

"पाती हायेत नं तुह्याजवळ?"

"हायेत, डॉक्टर."

"बरं झालं व बाई," ते म्हणतात, आणि फोन काकूंच्या हाती देतात.